कॉम्प्रेसर आणि अंगठ्याएवढा स्विच

मोटारीचे सुटे भाग बोलत आणि कडाकडा भांडतही, त्या काळची ही गोष्ट. ऐन वैशाखात, भुसावळच्या रस्त्यावर एक नवरदेव गाडीत घामाने निथळत होता आणि एसी काही केल्या लागत नव्हता.

बॉनेटखाली मात्र वरात रंगली होती. पट्टा गरागरा नाचत होता, पंखा शिट्ट्या मारत होता, आणि बंपरला टांगलेलं लिंबू ओरडत होतं, "दृष्ट लागलीय, दुसरं काय!" एसीच्या गलेलठ्ठ कॉम्प्रेसरचेही पाय शिवशिवत होते, पण गॅसच्या दाबावर नजर ठेवणारा अंगठ्याएवढा प्रेशर स्विच त्याला सोडेना.

"तू कोण टिकोजीराव लागून गेलास मला अडवणारा?" कॉम्प्रेसर गरजला.

"दादा, गॅस गळालाय. तुझं तेल त्याच्याबरोबरच फिरतं. कोरडा नाचलास तर जळून जाशील."

एवढ्यात ड्रायव्हर गुलाबरावांनी घाईघाईने स्विचला वगळून वायर सरळ जोडली. टक्! कॉम्प्रेसरने आनंदाने दोन गिरक्या घेतल्या. तिसऱ्या गिरकीला त्याच्या पोटातून अशी किंकाळी फुटली की लिंबूसुद्धा गप्प झालं. गुलाबरावांनी वायर ओढून काढली आणि गाडी तडक मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्रीने गळती बुजवली, गॅस भरला. स्विच हसून म्हणाला, "जा दादा, नाच आता." टक्! नवरदेव मांडवात पोचला तो चक्क कुडकुडत.

"बघा, उतरली ना दृष्ट!" लिंबू म्हणालं.

 कॉम्प्रेसर मात्र तेव्हापासून निघण्याआधी क्षणभर थांबतो आणि अदबीने विचारतो, "टिकोजीराव, निघू का?"