केशरी तीट

पळसाच्या रानाला खेटून एक इवलंसं झोपडं होतं. छपराला इतकी भोकं, की दुपारी जमिनीवर उन्हाचे कवडसे नाचायचे आणि पावसाळ्यात घरातली सगळी भांडी त्या भोकांखाली मांडावी लागायची. भांडी होतीच किती म्हणा!

झोपड्यात आई राहायची आणि तिची तीन मुलं. थोरली शेवंता, मधली आवडी, धाकटा सोनबा. वडील नव्हते. आई पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावायची. पानाला पान जोडायचं, बारीक काडीने टाचायचं, की झाली पत्रावळ. गावात लग्न निघालं की घरात गूळ यायचा आणि सगळे खूश. लग्नं थांबली की पुन्हा भाकरी आणि मीठ-मिरची. कधी गोड, कधी तिखट, असं त्या घराचं चालायचं.

आता या भावंडांच्या तऱ्हा ऐका. शेवंता दिसेल ते हुंगायची. भाकरी हुंगायची, गोधडी हुंगायची, पाहुणे आले तर त्यांच्या वहाणासुद्धा सोडायची नाही. सोनबा डोळे उघडले की गुणगुणायला लागायचा, ते थेट झोपेपर्यंत. तोंडात घास असला तरी त्याचं 'हूं हूं हूं' चालूच. आणि आवडी? ती प्रत्येक पान टाचण्याआधी उलटसुलट करून बघायची आणि त्यावर हळूच फुंकर मारायची.

"मुंगे, मुंगे, घरी जा गं. न्हाईतर टाचली जाशील," असं म्हणायची.

आई वैतागायची. "आवडे, तुजी एक पत्रावळ हुस्तवर माज्या दोन हुत्यात. मुंग्या काय आपल्या पावण्या हायेत व्हय?"

आवडीला आपल्या ताईचा आणि सोनबाचा केवढा अभिमान होता! पण तो तिने कधी बोलून दाखवला नाही, कारण त्या घरात कौतुक करायला बंदी होती. झालं असं, की सोनबा तान्हा असताना शेजारची गंगूमावशी म्हणाली, "बाई बाई, काय गोड गळा पोराचा!" आणि त्याच संध्याकाळी सोनबाला ताप भरला. आईने मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या, ताप उतरला, पण आईची भीती काही उतरली नाही. तेव्हापासून ती मुलांना बजावायची, "कवतिक पोटात ठिवायचं. ओठावर आणलं की दिष्ट लागती." म्हणून आवडीने सगळं कौतुक पोटात ठेवलं होतं. चांगलं पोटभर होतं ते.

वैशाखातली एक सोनसळी सकाळ होती. पळसाची केशरी फुलं केव्हाच झडून गेली होती आणि झाडं नव्या हिरव्यागार पानांनी भरून आली होती. आवडीने एक पान तोडलं, उलटं केलं, फुंकर मारली. आणि त्या पानाच्या घडीतून गरगर गरगर फिरत एक चिमुकली परी खाली पडली!

बोटाच्या पेराएवढी होती ती. पंख चांदीच्या वर्खाचे, झगा पळसाच्या केशरी पाकळ्यांचा, केसांत दवाचे चमचमते थेंब. उठली, झगा झटकला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कोण गं तू, झोपलेल्यावर फुंकर मारणारी?"

"मला वाटलं मुंगी हाय," आवडी घाबरून म्हणाली.

"मुंगी? मी टिकली परी आहे, टिकली परी!" एवढ्यात परीला आवडीच्या मुठीतल्या काड्या दिसल्या. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हणजे तू फुंकर मारली नसतीस, तर मी पानाबरोबर टाचली गेले असते?"

"व्हय. ह्ये पान ल्हान हाय, म्हंजी द्रोणातच."

"आणि माझ्यावर बासुंदी वाढली असती!"

"बासुंदी मोठ्या लग्नात. आमच्या गावात आमटीच वाढत्यात."

परी खुदकन हसली. हसताना तिच्या पंखांतून सोनेरी भुरभुर उडाली. मग तिने आपल्या झग्याच्या तीन पाकळ्या काढून आवडीच्या तळहातावर ठेवल्या.

"या तीन इच्छा. तळहातावर पाकळी ठेवायची, इच्छा सांगायची आणि फुंकर मारायची. ते तुला छान जमतंच. पण नियम नीट ऐक. स्वतःसाठी काही मागायचं नाही. ज्याच्यासाठी मागशील, तो त्या वेळी तुमच्या छपराखाली असला पाहिजे. आणि मागून चुकलीस, तर चूक पाकळीने पुसता येणार नाही. ज्याचं जे हरवलं, त्याचा अभिमान चारचौघांत मोठ्याने सांगायचा, तरच ते परत येईल."

"चारचौघांत? मोठ्यांदा?" आवडीने पाकळ्यांवर मूठ मिटली. "मग मी चुकायचीच न्हाई!"

"बघू," म्हणाली परी आणि हिरव्या पानांत दिसेनाशी झाली.

पहिली पाकळी आवडीने त्याच दिवशी फुंकली. काड्या टोचून टोचून आईची बोटं ठणकायची, रात्री तिला झोप यायची नाही. "माज्या आईची बोटं बरी हुंदेत," आवडी म्हणाली. पाकळी झगमगली, विरली आणि आई आपल्या बोटांकडे बघतच राहिली. आता तिची बोटं भराभर चालायला लागली. आवडी इतकी खूश झाली की तिला रडू आलं.

दुसरी पाकळी मात्र घात करून गेली.

त्या दिवशी शेवंता आणि सोनबा विहिरीवर गेले होते. तिथली पोरं ओरडली, "भुंगा आला रं, भुंगा! अन् संगती ती नाकाडी!" एकाने तर शेवंताच्या नाकासमोर शेणाची गोवरी धरली. "हुंग की, हुंग!" शेवंता पदराने नाक झाकून घरी आली. सोनबा छपराखाली कोपऱ्यात बसून मुसमुसत होता, आणि मुसमुसतानाही मधूनच 'हूं हूं' करत होता.

आवडीला ते बघवेना. जिवाची माणसं रडायला लागली की डोकं कुठे ठिकाणावर राहतं? तिने पाकळी तळहातावर घेतली. "ताईचं हुंगणं जाऊ दे. सोनबाचं गुणगुणणं जाऊ दे. म्हंजी यांना कुणी हसायचं न्हाई." आणि फुंकर मारली.

झोपडं गप्प झालं.

विहिरीवरची पोरं आता हसेनात, हे खरं. पण घरात काहीतरी बिनसलं. शेवंता चुलीपुढे बसलेली असताना भाकरी करपून काळी झाली, तरी तिला कळलं नाही. ती नुसती शून्यात बघत राहायची. सोनबा गळ्याला हात लावून आवडीपाशी आला.

"अक्का, माज्या गळ्यात कायतरी व्हतं. त्ये कुटं गेलं गं?"

आवडीने त्याला जवळ घेतलं. चूक झाली हे तिला कळलं होतं. पण चारचौघांत बोलायचं? आणि दृष्ट लागली तर? उद्या बघू, असं म्हणून तिने ते टाळलं.

दुसऱ्या दिवशी आई भराभर पत्रावळी लावत बसली होती. दिवेलागणीला तिने मान वर केली आणि विचारलं, "सोनबा कुटं हाय?"

कुणालाच माहीत नव्हतं. आजवर आईला कधी विचारावंच लागलं नव्हतं. हातातलं काम करता करता कानावर गुणगुण यायची, म्हणजे पोरगं जवळपास आहे. आता गुणगुणच नव्हती, त्यामुळे तो कधी उठला, कुठे गेला, आईला समजलंच नाही.

अंगणात नाही, विहिरीवर नाही, गंगूमावशीकडे नाही. रानाच्या वाटेवर त्याची एक छोटी वहाण सापडली आणि आई मटकन खाली बसली. त्या रानात अंधार पडला की तरस फिरायचं. हाका मारून मारून सगळ्यांचे घसे सुकले. गावातली माणसं कंदील घेऊन अंगणात जमली. विहिरीवरची पोरंही आली, माना खाली घालून.

आवडी झोपड्यात धावली. तिसरी पाकळी काढली. "माजा सोनबा घरी येऊ दे!" फुंकर मारली. पाकळी भिरभिरली, दारापर्यंत गेली आणि पुन्हा तळहातावर येऊन बसली. सोनबा छपराखाली होता कुठे? बाहेरच्याला ती जादू पोचणार नव्हती.

आता एकच वाट उरली होती.

आवडी अंगणात आली आणि पानांच्या गठ्ठ्यावर चढली. "ऐका समदी!" ती ओरडली. "माजा सोनबा लई गुणाचा हाय!"

"आवडे!" आई किंचाळली. "गप बस! अशा येळंला कवतिक करती व्हय? दिष्ट लागंल लेकराला!"

"लागली तर मला लागू दे, आई!" आवडी म्हणाली आणि मग तिच्या पोटात साठलेलं सगळं बाहेर आलं. "माजा सोनबा गुणगुणतो. घरात गूळ असला तरी गुणगुणतो, नसला तरी गुणगुणतो. त्येच्यामुळं कोरडी भाकरी खाताना बी आमच्या घरात सण वाटतो! अन् माजी ताई हुंगती. हुंगून हुंगून तिनं बुरसलेली पानं बाजूला काढली, म्हनून तुमच्या लग्नातल्या पंगती धड जेवल्या. तिच्यावाणी नाक साऱ्या मुलखात कुणाला न्हाई! मला माज्या भावंडांचा लई अभिमान हाय. ज्येला हसायचं त्येनं खुशाल हसावं!"

कुणीच हसलं नाही. अंगण चिडीचूप झालं. आणि त्या शांततेत दूर रानातून, अगदी बारीक, ऐकू आलं, 'हूं हूं हूं...'

"माजं बाळ!" आई उठली. पण रानामागच्या डोंगराला आपटून तो आवाज चारी बाजूंनी येत होता. कुठे धावायचं? तेवढ्यात शेवंताची नाकपुडी थरथरली. तिने वाऱ्याकडे तोंड केलं आणि एक लांब श्वास घेतला.

"पिकली करवंदं," ती म्हणाली. "चेचल्याली. अन् त्यात सोनबाच्या डोक्याचं करंजाचं त्याल! या माज्या मागनं!"

शेवंता पुढे, तिच्यामागे आवडी आणि आई, आणि त्यांच्यामागे कंदिलांची रांग. टेकाडाच्या पलीकडे करवंदीची भली मोठी जाळी होती. त्या जाळीत, चारी बाजूंनी सदरा काट्यांत अडकलेला, तोंड जांभळं झालेला सोनबा बसला होता आणि गुणगुणत होता.

"लई रडलो," तो म्हणाला. "मग झोप लागली. मग गळ्यात आपोआप गाणं आलं अन् जाग आली."

आईने त्याला काट्यांतून सोडवलं, पाठीत एक धपाटा घातला आणि मग इतकं घट्ट धरलं की तो ओरडला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. गंगूमावशी रडत होती आणि हसतही होती. ज्या पोराने गोवरी धरली होती, त्याने सोनबाला खांद्यावर बसवलं आणि वाटेत शेवंताला हळूच विचारलं, "माजी हरवल्याली शेळी बी हुंगून काढशील का गं?"

"बगू," शेवंता ऐटीत म्हणाली.

घरी आल्यावर आवडीने आईला सगळं सांगितलं. परी, पाकळ्या, चूक, सगळं. मीठ-मोहऱ्या घेण्यासाठी आईने डब्याकडे हात नेला, तोच छपराच्या भोकांतून केशरी उजेड ठिबकायला लागला आणि टिकली परी झुळकन खाली उतरली.

"एक पाकळी राहिलीय," ती म्हणाली.

आवडीने पाकळी तळहातावर घेतली. नव्या छपराचा विचार तिच्या मनात आला, गुळाच्या ढेपेचाही आला. मग तिने मीठ-मोहऱ्यांच्या डब्याकडे गेलेला आईचा हात बघितला. "माज्या आईला, ताईला अन् सोनबाला कवतिकाची दिष्ट कदी लागू नगं," ती म्हणाली.

"नियम आठवतोय ना? त्यात तू येणार नाहीस."

"चालंल," म्हणाली आवडी आणि तिने फुंकर मारली.

पाकळी विरली. आईच्या, शेवंताच्या आणि सोनबाच्या कानामागे एकेक केशरी तीट उमटली, काजळाच्या तिटेएवढीच, पण लखलखणारी. परी आवडीकडे बघत राहिली. मग तिने आपल्या झग्याची आणखी एक पाकळी काढली, चिमटीत चुरली आणि आवडीच्या कानामागे आपल्या इवल्याशा बोटाने टेकवली.

"ही इच्छा नाही. ही माझी भेट. मला द्रोण होण्यापासून वाचवलंस ना!"

एवढं बोलून तिने गिरकी घेतली. पंखांतून सोनेरी भुरभुर उसळली, छपराला जाऊन भिडली आणि प्रत्येक भोकावर एकेक चकचकीत सोनेरी पान बसलं. एकच भोक उरलं, कवडशाशी खेळायला. त्या भोकातून परी उजेडाची रेघ होऊन निघून गेली.

आईने मीठ-मोहऱ्यांचा डबा बंद करून फळीवर ठेवला. मग ती दारात गेली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गंगूताई, अवं ऐकलं का! माजी आवडी पानावरच्या मुंगीला बी आदी घरी धाडती अन् मगच पान टाचती. अशी लेक कुणाची न्हाई!"

आवडीचे कान लालेलाल झाले. तोंड लपवायला तिने शेजारचं पळसाचं पान उचललं, आणि लपवण्याआधी त्यावर एक हळूच फुंकर मारली.