कोल्हिणीची शिदोरी

फार पूर्वी एका रानातलं तळं आटलं, तेव्हा चिमा कोल्हीण आणि राणू लांडगा पिल्लांसह माळापलीकडच्या रानात जायला निघाले. वाटेसाठी दोघांनी मीठ-हळद लावून मांस शिजवलं. चिमाने पातळ पट्ट्या कापून उन्हात कडकडीत वाळवल्या. राणूने जाडजूड तुकडे जेमतेम सुकवले.

"दादा, आतून ओले आहेत अजून," चिमा म्हणाली.

"तुझी ती चिपाडं चघळत कोण बसणार?" राणू हसला.

अर्ध्या माळावर राणूची शिदोरी आंबली. त्याची पिल्लं भुकेने रडू लागली. चिमाने आपली शिदोरी सोडली आणि आधी त्यांच्यापुढे ठेवली.

राणूने मान खाली घातली. मग चिमाची दमलेली पिल्लं पाठीवर घेऊन तो चालू लागला.