साळ्यांनी बांधलेली विहीर

भक्तजनहो, धोंडीनाथ महाराज उतारवयात खडकनेरला आले आणि ओढ्यापलीकडच्या महादेवाच्या देवळात राहिले. त्या वर्षी गावातले माग बंद पडले होते. बाहेरून गिरणीचे स्वस्त कापड येऊ लागले, आणि साळ्यांच्या आळीतला मागांचा खटखटाट थांबला. पिढ्यान्‌पिढ्या विणकामच केलेली माणसे दिवस दिवस ओट्यांवर बसून राहत.

लिंबाजी साळी त्यांतलाच एक. पन्नाशीला टेकलेला, अंगाने काटकुळा. रोज देवळात येई, झाडलोट करी आणि खांबाला टेकून बसे. एकदा महाराजांनी विचारले, "लिंबाजी, देवाजवळ काय मागतोस?"

"काही नाही महाराज. मागायचाही कंटाळा आलाय. हाताला काम नसलं की माणूस आपल्याच घरात परका होतो."

महाराज म्हणाले, "गावाला पाणी नाही. बाया दोन कोस चालतात. आपण विहीर बांधू. दोन वेळची भाकरी देवळातून मिळेल आणि गवंडीकाम शिकता येईल. विहीर गावाला राहील, काम तुमच्या हातात राहील."

बारा साळी तयार झाले. शिकवायला म्हातारा धुळाप्पा गवंडी आला. त्याची नजर गेली होती, पण घडलेल्या दगडावरून हात फिरवून तो चूक सांगे. पहिले महिने फार जड गेले. बोटे फुटली, कंबरा धरल्या. संध्याकाळी कोणी कोणाशी बोलत नसे. तरी उभ्या धाग्यांवर आयुष्य काढलेल्या त्या डोळ्यांना भिंतीचा सरळपणा दाखवणारी ओळंब्याची दोरी लवकर कळू लागली, आणि विहिरीची एक बाजू तळापासून दगडाने बांधून वर येऊ लागली.

पंचक्रोशीत रावजी मिस्त्रींचे मोठे नाव होते. ते येता-जाता थांबत आणि हसत. "महाराज, हे सुताला गाठी मारणारे हात. गवंडीकाम रक्तात असावं लागतं, भाकरीच्या आशेनं येत नाही."

"भाकरीसाठी तुम्हीही कामावर जाताच की मिस्त्री," महाराज शांतपणे म्हणाले.

लिंबाजीने मान खाली घातली आणि पुढचा दगड उचलला.

एके दुपारी सगळे देवळात जेवायला गेले होते. लिंबाजी मात्र अवजारे राखायला विहिरीवरच थांबला होता. तेवढ्यात रावजी आले. "बघू तरी काय दिवे लावलेत," असे म्हणून ते शिडीने खाली उतरले. बांधलेल्या भिंतीला त्यांनी ओळंबा लावून पाहिला. तीन ठिकाणी लावला. भिंत कुठेही ढळलेली नव्हती. ते ओळंबा गुंडाळू लागले.

इतक्यात समोरची, अजून न बांधलेली बाजू खचली. शिडी मोडली आणि रावजी गुडघ्यांपर्यंत मातीत रुतले. वर आणखी मोठी भेग पडत होती.

"लिंबाजी, दोर टाक!"

लिंबाजीने कप्पीवरचा दोर खाली सोडला. रावजींनी तो कमरेला गुंडाळून घट्ट धरला. लिंबाजी ओढू लागला. पण मिस्त्री धिप्पाड, हा काटकुळा. त्याचे पाय काठाकडे घसरू लागले. दोर तळव्यांतून सरकू लागला.

"सोडू नकोस रे," खालून आवाज आला.

"महाराज," लिंबाजी पुटपुटला, "माझ्यानं होत नाही आता."

आणि दोर हलका झाला. मागे कोणी धरल्यासारखा तो सरसर येऊ लागला. लिंबाजीने वळून पाहिले. मागे कोणी नव्हते. रावजी काठावर येऊन पडले, आणि ते उभे होते त्या जागेवर मातीचा ढीग कोसळला.

दोघे देवळात आले. महाराज खांबाला टेकून बसले होते. वाढपाला असलेली सगुणा त्यांच्या हातांना हळद लावत होती. ती म्हणाली, "आमटी वाढता वाढता महाराज खाली बसले. मुठी आवळल्या, घामानं भिजले. मुठी उघडल्या तर हे असं." महाराजांचे दोन्ही तळवे दोराने सोलल्यासारखे झाले होते.

लिंबाजीने स्वतःचे तळवे पाहिले. त्यांवर जुन्या घट्ट्यांखेरीज काही नव्हते.

रावजींनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. "मी काय काय बोललो होतो महाराज..."

"ते राहू दे. मी दमलोय फार." महाराजांचा आवाज खोल गेला होता. "भिंत कशी आहे, ते सांग."

"सरळ आहे. एवढी माती आली, पण एक दगड हलला नाही. तिलाच टेकून उभा होतो मी."

"मग हे लिंबाजीला सांग. त्याच्या कामाला कोणी बरं म्हटलेलं त्यानं अजून ऐकलेलं नाही."

रावजी वळले आणि लिंबाजीसमोर वाकले. लिंबाजी संकोचून मागे सरला. "उठा मिस्त्री. माती उपसायचीय."

दुसऱ्या दिवसापासून रावजी धुळाप्पाच्या जोडीने शिकवायला विहिरीवर येऊ लागले. विहिरीला गोड पाणी लागले. वर्षभरात त्या बारा जणांना गावोगावची बोलावणी येऊ लागली. रावजींकडे कोणी गवंडी विचारायला आला, की ते देवळाच्या दिशेने हात जोडून मस्तक नमवीत आणि म्हणत, "साळ्यांच्या आळीत जा. लिंबाजी मिस्त्रींचं घर विचार."