भागवतची एमबीएची जागा

कोरडेवाडीत एक भोळा पदवीधर राहायचा. नाव भागवत. घरात आई, मोठी बहीण सिंधूआक्का आणि तो. आई शेंगदाण्याची चटणी करून आठवडी बाजारात विकायची. भाकरी संपली तरी लोक ती नुसतीच खात बसायचे. भागवतनं एमबीए करावं आणि ही चटणी गावाबाहेर न्यावी, असं दोघींच्या फार मनात होतं.

आक्काचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान होतं. तिनं शहरातल्या एका मॅनेजमेंट कॉलेजचा फॉर्म भरला. पदवीला पन्नास टक्के लागायचे, भागवतला बासष्ट होते. सीईटीतही चांगले गुण पडले, कारण त्या परीक्षेत कोणाशी बोलावं लागत नाही.

मग कागदपत्रं जमा करायची होती. भागवतनं सगळी मूळ कागदपत्रं कॉलेजच्या कचेरीतल्या बारटक्केबाईंच्या टेबलावर ठेवली आणि घरी आला. बाईंनी फोन करून ती परत न्यायला लावली. आक्कानं त्याला समजावलं.

"अरे, खरं ते घरी जपून ठेवायचं. तिकडं झेरॉक्स द्यायची."

"बरं," भागवत म्हणाला.

पुढच्या आठवड्यात गटचर्चा होती. भागवत घरीच राहिला. आक्काच्या दुकानातल्या झेरॉक्स मशीनच्या काचेवर त्यानं गाल टेकला, बटण दाबलं आणि निघालेला कागद शहराला जाणाऱ्या शेजाऱ्याजवळ दिला. शेजाऱ्यानं तो नेऊन खुर्चीवर ठेवला. बाकीचे नऊ जण अर्धा तास एकमेकांवर ओरडले. कागद एक शब्द बोलला नाही. परीक्षकांनी शेरा लिहिला की उमेदवार शांतपणे ऐकून घेतो, पण उद्याच्या गटात त्याला अंगासकट पाठवावं.

दुसऱ्या दिवशी आक्कानं त्याला हाताला धरून नेलं. वाटेत ती म्हणाली, "असली कामं दुसऱ्यावर सोपवायची नाहीत. स्वतः करायची."

"बरं," भागवत म्हणाला.

त्यानंतर दोन शिफारसपत्रं द्यायची होती, उमेदवाराला चांगलं ओळखणाऱ्यांची. भागवतनं दोन्ही स्वतः लिहिली. पहिल्यात लिहिलं, 'मी भागवतला जन्मापासून ओळखतो. तो झोपला की मीही झोपतो. आजवर आमचं भांडण नाही.' दुसऱ्यात लिहिलं, 'पहिल्या पत्रातलं सगळं खरं आहे. मी तिथंच होतो.'

बारटक्केबाईंनी दोन्ही परत पाठवली. आक्का धावपळ करून त्याच्या दोन जुन्या सरांकडून नवी पत्रं घेऊन आली. आता तिचा आवाज बसला होता.

"आपल्याबद्दल आपण बोलायचं नसतं रे. दुसऱ्यानं बोलायचं असतं."

"बरं," भागवत म्हणाला.

मग मुलाखत आली. समोर तीन प्राध्यापक होते. मधल्या बाईंनी विचारलं, "तुमच्याबद्दल काही सांगा."

भागवतनं आजूबाजूला कोणी आहे का बघितलं. तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आत आला. भागवत अदबीनं त्याच्याकडे वळला. "मामा, सांगा."

शिपायानं ट्रे खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. पोरगं सरळ आहे. खोटं बोलत नाही. सकाळी सगळ्या स्टाफला यानं आईची चटणी वाटली, आणि तसली चटणी आपण उभ्या जन्मात खाल्लेली नाही. प्राध्यापकांचा चहा निवला. शेवटी बाईंनी लिहिलं की दुसऱ्याकडून काम करून घेण्याची हातोटी या उमेदवारात उपजतच दिसते.

यादी लागली. साठ जागांत भागवतचं नाव होतं. त्यानं कॉलेजातूनच आक्काला फोन केला. आक्का रडली, आई रडली. मग आक्कानं डोळे पुसून बजावलं, "वेटिंग लिस्टवर चाळीस जण टपून बसलेत. काही झालं तरी आता जागा सोडू नकोस."

"बरं," भागवत म्हणाला आणि त्यानं खाली बघितलं. तो कचेरीबाहेरच्या बाकड्यावर बसला होता.

दुसऱ्या दिवसापासून कचेरी उघडली की तो बाकड्यावर बसायचा आणि कुलूप लागल्यावरच उठायचा. मध्ये उठावंच लागलं, तर एसटीत टाकतात तसा रुमाल टाकून जायचा. वरच्या मजल्यावर वर्ग सुरू झाले. हजेरीत त्याचं नाव रोज पुकारलं जायचं. शिपाई रोज बोलवायला यायचा आणि भागवत रोज समजुतीनं नकार द्यायचा. घरी फोनवर मात्र सांगायचा, की जागा घट्ट धरून आहे. आक्का निर्धास्त होती.

आठव्या दिवशी बारटक्केबाई बाहेर आल्या. त्यांनी भागवतच्या डोक्यावरच्या भिंतीला सूचना चिकटवली: 'एमबीए प्रथम वर्ष. सततच्या गैरहजेरीमुळे एक जागा रिकामी झाली आहे.'

वेटिंग लिस्टवरची मुलं धावत आली. बाकड्यापाशी एकच गर्दी झाली.

भागवतनं सूचना वाचली. बाकड्याची कड दोन्ही हातांनी धरली आणि पाय पसरून आणखी ऐसपैस बसला.

"कुठं रिकामी झालीय?" तो म्हणाला. "मी बसलोय की."