'विल'चं 'वुड' होईना

संस्थेचे अध्यक्ष दाजीसाहेब मोहोळकर शाळेत आले, की दहावीच्या वर्गात हमखास इंग्रजी व्याकरण विचारायचे. दुसऱ्याची चूक पकडायची त्यांना भारी हौस. इंग्रजी शिकवणाऱ्या केंजळेबाई मात्र धास्तावून असायच्या, कारण त्यांची नोकरी अजून कायम झाली नव्हती.

यंदा दाजीसाहेबांनी सकाळच्या आपल्या भाषणातलंच वाक्य फळ्यावर लिहिलं, "आय विल बिल्ड अ टॉयलेट फॉर द गर्ल्स." मग मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "हं, करा इनडायरेक्ट!"

नसीम मुलाणी उठली. "दाजीसाहेब सेड दॅट ही विल बिल्ड अ टॉयलेट फॉर द गर्ल्स."

"चूक!" दाजीसाहेब बाईंकडे वळले. "'सेड' आलं की 'विल'चं 'वुड' होतं. एवढंही शिकवलं नाहीत?"

बाईंनी शिकवलं तर होतं, घोकूनही घेतलं होतं!

"शिकवलंय, साहेब," नसीमच म्हणाली. "पण त्रिकालाबाधित सत्य असेल, तर काळ बदलायचा नाही, हेही शिकवलंय. माझी आई या वर्गात होती तेव्हा आपण हेच म्हणाला होतात. ताईच्या वेळीही हेच. सूर्य पूर्वेला उगवतो, तसंच हे वाक्य. म्हणून 'विल' तसंच ठेवलं."

कुणी हसलं नाही. शाळा सुटेपर्यंत पाण्याचा घोटही न घेणाऱ्या साऱ्या मुली दाजीसाहेबांकडे बघत होत्या.

दाजीसाहेबांनी घसा खाकरला. "यंदा मी नक्की..." म्हणाले, आणि थबकले. पुढचं क्रियापद भविष्यकाळातलंच येत होतं.