इनामदारांचा माळ

त्र्यंबकराव इनामदारांच्या माळावर दर मंगळवारी बाजार भरायचा. बसायचं भाडं इनामदार घ्यायचे, वर टोपलीमागे सरकारचा करही विकणाऱ्यांनीच भरायचा. माळाला मात्र कर नव्हता.

बांगड्या विकणारी गोदाक्का थेट राजेसाहेबांपुढं उभी राहिली. "सरकार, कर टोपलीवर नको, माळावर बसवा. त्याला मोल आलंय ते आमच्यामुळं."

दरबारात बसलेल्या इनामदारांनी मिशीला पीळ दिला. "मोल माझ्या जमिनीच्या अंगचं आहे! ही बाई बसली काय, उठली काय, माळाला काय फरक पडतो?"

"बरं," म्हणून गोदाक्का निघाली. पुढच्या मंगळवारी तिनं सगळा बाजार नदीपलीकडच्या गायरानात भरवला. माळावर उरले इनामदार आणि कुंभाराची दोन गाढवं.

इनामदार धापा टाकत दरबारात आले. "सरकार, या बाईनं माझ्या जमिनीचं मोल पळवलं!"

राजेसाहेबांनी तिला बोलावून विचारलं, "खरं का, गोदाक्का?"

"नाही हो सरकार! इनामदारांचं म्हणून आम्ही ते माळावरच ठेवून निघालो होतो. पण तेच मेलं आमच्या टोपल्यांमागं चालत आलं!"

राजेसाहेबांना हसू आवरेना. पुढच्या मंगळवारी बाजार माळावर परतला, आणि टोपल्यांवरून उठलेला करही तिथंच ऐसपैस बसला.