तळहातावरची आमटी

"मग द्यायचं तरी काय, अक्कामाय?"

भालचंद्र आचाऱ्याने पिशवी मठाच्या ओसरीवर उलटी केली. पितळी सोऱ्या घरंगळत पार खांबापर्यंत गेला. त्याच्यामागून तळहाताएवढं पोळपाट, बोटभर लाटणं, नाव कोरलेलं पातेलं, केकचे साचे आणि बाहुलीलाच बसेल असा वाटणारा एक एप्रन.

अक्कामाय पावटे सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"उद्या केतकीचा वाढदिवस. पोरीला स्वयंपाकाचं वेड. यातलं कुठलं देऊ, एवढंच सांगा."

"छान आहेत सगळी."

"हो, पण कुठलं?"

अक्कामायने एक किडका दाणा निवडून बाजूला टाकला.

भालचंद्राचा पारा चढायला लागला. आसपासच्या गावांत लग्न ठरलं की मुहूर्ताआधी त्याला विचारलं जाई. त्याचा मसालेभात पानात पडला की रुसलेले व्याहीसुद्धा गुमान जेवायला बसत. आणि इथे ही म्हातारी पावट्यांपुढे त्याला किंमत देत नव्हती. दुसरं कुणी असतं तर त्याने चार शब्द सुनावले असते. पण तिचा अनुग्रह घेतलेला, त्यामुळे दात-ओठ खाऊन बसणं आलं.

"अहो, सकाळपासून बाजार पालथा घातलाय मी. पोटात कण नाही. नाक्यावर मिसळीचा वास सुटला होता, तरी थांबलो नाही. तडक तुमच्याकडे आलो."

"बरं केलंस."

"गेल्या वर्षी चांदीची भातुकली दिली. संक्रांतीला खरी शेगडी आणली, छोटीशी. दोन्ही माळ्यावर पडल्यात. काय आणलं म्हणजे ही पोर खूश होईल, तेच कळत नाही!"

"तिनं मागितली होती?"

"तिनं काही मागितलंच नाही कधी. उलट..." भालचंद्राचा आवाज जरा खाली आला. "उलट रविवारी म्हणाली, बाबा, मी आता स्वयंपाक करणार नाही. कधीच नाही. आणि कढई घासून पालथी घातली."

हे सांगताना त्याला फार वाईट वाटलं. पोर चुलीपाशी उभी राहिली की त्याला तिच्यात स्वतःचा हात दिसायचा. तो हातच तिने आवरता घेतला होता.

"रविवारी काय केलं होतं तिनं?"

"आमटी."

"कशी झाली होती?"

आता कुठे स्वारी खुलली. "गूळ अंमळ जास्त. मोहरी तडतडायच्या आत हिंग टाकलेला. डाळ मात्र छान घोटली होती, ते सांगितलं मी तिला. खोटं कौतुक मी कुणाचंच करत नाही, पोटच्या पोरीचंही नाही."

"जेवलास?"

"जेवतो कुठे? आचारी आहे मी. चव घेतली." त्याने तळहाताची पन्हळ केली, त्यावर थेंब पडल्यासारखं केलं, जिभेने टिपला आणि खळखळून चूळ भरल्याचा अभिनय केला. "हे असं. लगेच चूळ भरायची. जीभ कोरी राहिली पाहिजे ना, पुढच्या पातेल्यासाठी."

"घरी पुढचं पातेलं कुठलं असतं रे?"

भालचंद्र गडबडला. "सवय असते, अक्कामाय. कामावर जेवलेलोच असतो. घरी पोटात जागा कुठे असते?"

"चूळ भरायला पाणी कोण देतं?"

"केतकीच की! तिला सगळं बरोबर ठाऊक आहे. रविवारी तर मी चव घ्यायच्या आधीच तिनं तांब्या आणून ठेवला होता." तो कौतुकाने हसला. "हुशार आहे पोर."

अक्कामायचे हात थांबले.

"काय झालं?"

ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली. परत आली ती ताटली घेऊन. भाकरी, कांदा आणि वाटीत कुळथाचं पातळ पिठलं, वाफाळतं.

"घे."

भालचंद्राच्या तोंडाला पाणी सुटलं. मघाचा सगळा राग कुठल्या कुठे गेला. त्याने मांडी घातली, वाटी उचलली... आणि हात आपसूक वळला. तळहातावर थेंब पडला, जीभ फिरली.

"मीठ कमी पडलंय, अक्कामाय. आणि लसूण ठेचायला हवा होता, चिरलाय तुम्ही."

शेजारचा तांब्या उचलून तो ओसरीच्या कडेला गेला. चूळ भरली, मिशा पुसल्या, परत आला.

ताटली अक्कामायच्या पुढ्यात होती. ती जेवत होती.

तो आधी हसला. म्हातारीची गंमत असेल, एखाद्या घासानंतर पुढे सारेल. अक्कामायने भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, सावकाश चावला. मग दुसरा. भालचंद्र बघत राहिला. भाकरीचा शेवटचा चतकोरही गेला. मग तिने वाटी बोटाने निपटून घेतली.

"अहो, ते माझं होतं!"

"चव घेतलीस ना?"

"चव घेतली म्हणजे जेवलो का मी?"

तो इतक्या जोरात ओरडला की ओसरीवरची मांजर पळाली.

मग आपण काय बोललो, ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

त्याने तळहाताकडे पाहिलं. पिठल्याचा ओला डाग अजून तिथेच होता.

"तांब्या आधीच ठेवला होता तिनं," तो पुटपुटला.

अक्कामायने पुन्हा पावटे पुढ्यात ओढले.

भालचंद्र उठला. सोऱ्या उचलला, पातेलं उचललं, पिशवीत भरलं, पुन्हा बाहेर काढलं. पोट खरंच पाठीला लागलं होतं आणि डोळे भरून आले होते.

"अक्कामाय, ती आता काही करणारच नाही म्हणते. मग यातलं मी नेऊ तरी काय?"

अक्कामायने पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली.

"ओझं राहू दे इथेच. भूक तेवढी घरी ने. आणि नाक्यावर मिसळीपाशी सांडू नकोस."